मुक्या माराची मोजणी : इंग्रजी कायद्यातील इजेची क्रियापदे

अंगावर वळ उठले, डोळ्याखाली काळेनिळे झाले, पण रक्त आले नाही आणि हाडही मोडले नाही, तर अशा माराला आपण 'मुका मार' म्हणतो. शब्द नेमका आहे. उघडी जखम पाहणाऱ्याशी बोलते, मुका मार आतल्या आत ठणकत राहतो. कोर्टातल्या इंग्रजी कागदांची भाषांतरे करण्यात माझी बरीच वर्षे गेली. वैद्यकीय दाखल्यावर 'कंट्यूजन' असे असे आणि मी 'मुका मार' लिहीत असे. आपल्या फौजदारी कायद्याने दुखापतीची मापे इंग्रजीतून घेतली. त्या इंग्रजीत मुक्या माराला कधी आणि किती जागा मिळाली, याचा माग या लेखात घेतला आहे.

सुरुवात इसवी सन ६०० च्या आसपास होते. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे हा इंग्रजी भाषेतला उपलब्ध असलेला सर्वांत जुना मजकूर मानला जातो. रॉचेस्टरच्या बाराव्या शतकातील हस्तलिखितात तो टिकला. त्याचा मोठा भाग म्हणजे इजांचे दरपत्रकच आहे. पाय तोडला तर ५० शिलिंग, अंगठा गेला तर २०, पुढच्या दातांपैकी प्रत्येकाला ६. या यादीत मुका मारही आहे. काळा पडलेला वळ कपड्याबाहेर दिसत असेल तर भरपाई ३० शॅट, कपड्याखाली झाकला जात असेल तर २०. म्हणजे जगाला दिसणारा वळ दीडपट महाग! वेदना दोन्हीकडे सारखीच असेल. फरक दिसण्याचा आहे, म्हणून या किमतीत चारचौघांतली मानहानीही धरली असावी, असे मला वाटते.

१०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच आली आणि इजेच्या शब्दांचे दोन थर झाले. 'वूंड' आणि 'हार्म' हे जुने इंग्रजी शब्द. 'हर्ट' फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ धडक देणे. 'डॅमेज'च्या मुळाशी लॅटिन 'डॅम्नम', म्हणजे नुकसान. 'इंजरी' हाही लॅटिन. त्यात शरीराचा संबंधच नाही, 'न्यायाविरुद्ध केलेले' एवढाच मूळ अर्थ. 'ब्रूज'मध्ये चेचणे या अर्थाचे जुने इंग्रजी क्रियापद आणि मोडणे या अर्थाचे फ्रेंच क्रियापद एकमेकांत मिसळले. आपल्याकडेही असेच झाले आहे : 'जखम' फारसीतून, 'इजा' अरबीतून, आणि 'दुखापत' या शब्दात आपले 'दुःख' उघड दिसते.

या फ्रेंच थरातून कायद्याने उचलले ते 'मेम' हे क्रियापद. त्याचे नाम 'मेहेम'. त्याची कसोटी विलक्षण होती. माणूस लढायला किती कमी पडेल, यावर गुन्हा ठरे. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने ती कसोटी नोंदवली आहे. पुढचा दात पाडणे हा मेहेम, कारण दात झुंजीत उपयोगी. नाक किंवा कान कापणे हा मात्र मेहेम नव्हे. त्याने माणूस विद्रूप होतो, दुबळा होत नाही! शरीर ज्याचे त्याचे खरे, पण मोजणी होई ती त्याच्या लढण्याच्या ताकदीची. अशा मोजणीत मुक्या माराला जागा कुठून मिळणार?

नाकाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते एका खासदारामुळे. डिसेंबर १६७० मध्ये लंडनच्या रस्त्यावर सर जॉन कॉव्हेंट्री यांना गाठून त्यांचे नाक चिरण्यात आले. राजा दुसरा चार्ल्स याच्या नट्यांच्या शौकाविषयी त्यांनी संसदेत टोमणा मारला होता. संसद खवळली आणि दबा धरून नाक चिरणे, जीभ कापणे, डोळा काढणे यांना देहान्ताची शिक्षा ठरली. पुढे १८०३ च्या कायद्याने 'स्टॅब' आणि 'कट', म्हणजे भोसकणे आणि कापणे, ही क्रियापदे आणली. आता मोजणी हत्याराची झाली. ती अपुरी ठरल्याने १८२८ मध्ये 'वूंड' जोडले गेले. पण वूंड म्हणजे काय? १८३० च्या एका खटल्यात गळपट्टीचे हाड मोडले होते, पण वरची कातडी शाबूत होती. न्यायालय म्हणाले, ही जखम नव्हे. १८६१ च्या कायद्याने जखमेशेजारी 'गंभीर शारीरिक हानी' ठेवून वाट काढली. तरी 'जखम' कातडीलाच चिकटून राहिली. १९८३ मध्ये छऱ्याने डोळ्यात आतल्या आत रक्तस्राव झाला होता. इंग्लंडच्या न्यायालयाने तीही जखम मानली नाही, कारण कातडी फाटली नव्हती.

या पार्श्वभूमीवर मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केलेला हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा पाहावा. वूंड, कट, स्टॅब या क्रियापदांवर गुन्ह्याची उभारणी न करता त्याने 'हर्ट' हा साधा, घरगुती शब्द पायाला घेतला. १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम ३१९ ची व्याख्या सांगते : शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता आणणे म्हणजे हर्ट, आपली 'दुखापत'. वेदना पहिली! हत्यार कोणते, कातडी फाटली का, हे प्रश्न व्याख्येतून गेले आणि मुका मार आपसूक आत आला. 'मेम' हे क्रियापद कलम ४२८ आणि ४२९ मध्ये जनावरांसाठी राहिले; भीक मागण्यासाठी मुलांना अपंग करण्याविरुद्धचे कलम ३६३-अ पुढे १९५९ च्या दुरुस्तीने आले, तेव्हा ते माणसांसाठी वापरले गेले.

मात्र 'जबर दुखापत' ठरवताना मोजणी परतली. कलम ३२० मध्ये आठ प्रकार आहेत. त्यांत डोळा, कान, अवयव, चेहऱ्याची कायमची विद्रूपता, हाड किंवा दात मोडणे हे आहे. मुक्या माराला मुख्यतः आठव्या प्रकारातच वाट आहे : जिवाला धोका, किंवा वीस दिवस तीव्र वेदना, किंवा तितके दिवस नेहमीचे व्यवहार न करता येणे. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेतही वीस दिवसांचीच रेषा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने हे दिवस पंधरावर आणले.

या रेषेवर बरेच काही अवलंबून आहे. साधी दुखापत अदखलपात्र; दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कमाल शिक्षा एक वर्ष. जबर दुखापत दखलपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. करंगळीचे हाड मोडले तर तो जबर. आणि घरातल्या बाईच्या पाठीवर बुक्क्यांचे वीस वळ असले, तरी बहुधा पोलीस ठाण्यात नुसती 'एनसी' होते.

वळ लाल असतो, मग निळा-काळा, हिरवट, पिवळसर होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. म्हणजे कायद्याचे पंधरा दिवस भरतात, तेव्हा पुरावा अंगावरून पुसलेला असतो. एथेलबर्टच्या केंटमध्ये वळ निदान दिसत असेपर्यंत त्याची किंमत ठरलेली होती. आपल्या कायद्याने वेदनेला व्याख्येत पहिले स्थान दिले. पण वेदनेचे दिवस मोजायचे, तर कोणीतरी ते वेळच्या वेळी लिहून ठेवले पाहिजेत. पहिल्या दिवशीचा वैद्यकीय दाखला, त्यानंतरची प्रत्येक तपासणी, कामावर न जाता आलेल्या दिवसांची नोंद, एवढ्याच कागदांच्या आधारे मुका मार न्यायालयात बोलू शकतो.