मळ्यातले इंटरनेट संथ का चालते? सातारा-सांगली भागातील वस्त्यांसाठी तपासणी व उपाय

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ भागातील बागायतदाराला हवामानाचा अंदाज दिवसातून दोन-तीनदा पाहावा लागतो. पाऊस संध्याकाळी येणार की पहाटे, यावर डाऊनीची फवारणी आज घ्यायची की उद्या हे ठरते. नेमके त्याच वेळी स्क्रीनवर चक्र फिरत राहिले, तर नुकसान बागेचे होते. शहरात एक कंपनी नीट चालली नाही की दुसरी घेता येते. मळ्यात मात्र बहुतेक वेळा एकच केबल पोचलेली असते आणि मोबाइलची रेंजही एखाद्याच कंपनीची मिळते. त्यामुळे महागडा प्लॅन घेण्याआधी वेग नेमका कुठे अडतो आहे ते शोधा.

आधी मोजा, मग बोला

ट्रायचे 'मायस्पीड' किंवा तत्सम कोणतेही वेग मोजणारे ॲप चालेल. राउटरपासून दोन हातांवर उभे राहून घरातील बाकीचे मोबाइल आणि टीव्ही बंद करा आणि मोजा. शक्य असेल तर लॅपटॉप थेट वायरने राउटरला जोडून मोजा, तो आकडा सर्वांत खरा. पहाटे, दुपारी आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, असे तीन दिवस वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ही वही पुढे तक्रारीत उपयोगी पडते.

वाचताना एक घोळ नेहमी होतो. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल उतरताना फोन मेगाबाइट दाखवतो. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. ४० मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला पाच मेगाबाइट उतरत असेल तर तुमची लाइन पूर्ण वेगाने चालली आहे. सरकारने जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट केली आहे. हवामानाचे ॲप, बाजारभाव, सातबारा यांना यापेक्षा फार जास्त लागत नाही. त्यांना लागते ती न तुटणारी लाइन.

महिन्याच्या शेवटी शेवटीच वेग पडत असेल, तर प्लॅनमधील डेटा मर्यादा संपली का ते पाहा. मर्यादेनंतर कंपनी वेग मुद्दाम कमी करते. आणि बाकी सगळे झटपट उघडते, फक्त महाडीबीटी किंवा ई-पीक पाहणी अडते, असे असेल तर दोष तुमच्या लाइनचा नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सरकारी सर्व्हरवरच ताण येतो. पीक पाहणीचे फोटो शेतात घेऊन ठेवावेत आणि पहाटे पाच-सहा वाजता अपलोड करावेत. कृषी सहाय्यकांनी गावात हे आधीच सांगितले तर शेवटच्या दिवसाची धावपळ बरीच कमी होईल.

घरातले अडथळे

राउटरजवळ वेग चांगला आणि सोप्यात किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत खराब, असे असेल तर अडचण वायफायची आहे. काळ्या दगडाच्या किंवा जाड मातीच्या भिंती, सळईचा स्लॅब, पत्र्याचे छप्पर हे सगळे लहरी अडवतात. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा जमिनीलगत ठेवू नका. घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. राउटरवर दोन नावे दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचे नाव जवळून वापरण्यासाठी, २.४ चे भिंतीपलीकडे. एवढ्यावर भागले नाही तर दूरच्या खोलीपर्यंत नेटवर्क केबल ओढून दुसरा राउटर लावणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. बाजारातली स्वस्त 'रिपीटर' उपकरणे मधल्या मध्ये वेग साधारण निम्मा करतात.

वीज

'मोटारी सुरू झाल्या की नेट संथ होते' असे अनेक जण सांगतात. राउटरचा ॲडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे केवळ दाब पडल्याने वेग कमी होत नाही. त्रास होतो तो क्षणभर वीज जाऊन येण्याने. राउटर पुन्हा सुरू होऊन लाइन जुळायला काही मिनिटे जातात, आणि हे दिवसात दहा वेळा झाले की नेटच खराब वाटते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळवा (९ की १२) आणि यूपीएसचे अँपिअर ॲडॅप्टरइतके किंवा जास्त असू द्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा.

तुमच्या डब्याला वीज आहे, तरी गावची लाइट गेली की नेट जाते, असे असेल तर केबलवाल्याच्या गावातल्या यंत्राची बॅटरी संपलेली आहे. खांबावरच्या फायबर डबीला वीज लागत नाही, त्यामुळे संशय तिथे घेऊ नका.

फायबरची लाइन

डब्यावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. सेटिंग बदलून किंवा पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही होणार नाही, केबल तुटली किंवा सुटली आहे. ऊस वाहतुकीच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉलीत रस्त्यावरून खाली लोंबणारी केबल अडकते, पाइपलाइनच्या चरीत जेसीबीचा फटका बसतो. बांधावरून आलेली लाइन एकदा पायी फिरून पाहा. मात्र तुटलेल्या टोकात डोकावू नका आणि ते डोळ्याजवळ नेऊ नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक असू शकतो.

लाल दिवा नाही, पण लाइन सारखी तुटते, असे असेल तर तंत्रज्ञाला मीटर लावून 'प्रकाशाची ताकद किती' असे विचारा. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही सर्वसाधारण मर्यादा. उणे २७ च्या आसपास आकडा असेल तर सांधा खराब आहे, त्यात पाणी गेले आहे किंवा केबल कुठेतरी घडी पडून वाकली आहे. हा आकडा वहीत लिहा. 'चेक केले, ओके आहे' या उत्तरापेक्षा तो जास्त कामाचा.

पहाटे ४० आणि रात्री नऊला ४ मेगाबिट, असा फरक राउटरजवळही येत असेल, तर केबलवाल्याने वरून घेतलेली लाइन गावाला पुरत नाही. घरात काहीही बदलून यात फरक पडत नाही. पाच-सहा घरांनी एकाच रात्री मोजलेले आकडे एकत्र घेऊन जा.

सिमवरचे नेट

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याच्या डोंगरी भागात मुख्य भरवसा मोबाइल टॉवरवर असतो. रेंजच्या कांड्यांवर विसंबू नका. फोनच्या सेटिंगमध्ये 'सिग्नल स्ट्रेंथ' उणे डीबीएममध्ये दिसते. ४जी साठी उणे ९० पर्यंत चांगली, उणे ११० च्या पुढे काम कठीण. फोन घेऊन माळ्यावर, खिडकीशी, गच्चीवर फिरा आणि जिथे आकडा सर्वांत चांगला तिथेच सिमचा राउटर ठेवा. बाहेरचा अँटेना जोडता येणारे राउटर मिळतात, डोंगराआडच्या घराला त्याचा फरक पडतो. परवानगी नसलेला 'सिग्नल बूस्टर' मात्र लावू नका. तो बेकायदा आहे आणि आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवतो.

वस्तीपर्यंत केबलच येत नसेल तर

'चार घरांसाठी केबल ओढणे परवडत नाही' हे उत्तर मळ्यात राहणाऱ्यांना ओळखीचे असेल. गावठाणात तुमचे किंवा भावकीतले घर असेल आणि तिथे फायबर असेल, तर दोन छोटे बाहेरचे वायफाय अँटेना समोरासमोर लावून तेच नेट मळ्यात आणता येते. यासाठीच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याला ऑक्टोबर २०१८ पासून वेगळा परवाना लागत नाही, मात्र उपकरण भारतात मान्यता असलेले घ्यावे. एक ग्राहक म्हणून स्वतःच्या घरासाठी वापर करा. पैसे घेऊन शेजाऱ्यांना वाटायचे तर केबलवाल्याशी आणि त्याच्या कंपनीशी बोलावे लागेल.

अट एकच, दोन्ही अँटेना एकमेकांना स्वच्छ दिसले पाहिजेत. इथे उसाचा हिशेब चुकतो. उन्हाळ्यात, ऊस लहान असताना जोडणी होते, उत्तम चालते आणि पावसाळ्यानंतर वेग ढासळतो. किलोमीटरभर अंतरासाठी मधल्या पिकाच्या शेंड्यावर किमान सात फूट मोकळी जागा लागते. बारा फुटी ऊस धरला तर दोन्ही टोके जमिनीपासून वीस फुटांवर हवीत. सपाट रानात घराच्या गच्चीवर पाइप उभा केला की एवढी उंची मिळते. मधे आंब्याचे झाड किंवा बांधावरचा सुबाभूळ असेल तर जागा बदला. पाइपला अर्थिंग करा.

तक्रार कुठे, कशी

पावतीवर केबलवाल्याचे नाव असले तरी परवाना ज्या कंपनीचा आहे तिचे नाव शोधा. तक्रार तिच्या ग्राहक क्रमांकावर करा आणि डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. निराकरण झाले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येते, त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे अर्ज पाठवण्यात वेळ जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

दुसरा पर्याय खरोखर नाही का, हेही एकदा तपासा. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पिनकोड टाकून त्या भागातील वायरने इंटरनेट देणाऱ्या कंपन्या पाहता येतात. मोबाइल कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा देणे बंधनकारक आहे, पण नकाशात तुमच्या घरामागचा डोंगर नसतो, म्हणून शेजाऱ्याचे सिम घालून पाहूनच पोर्ट करा. भारतनेटची फायबर ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आली आहे का, आणि तिथले यंत्र चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारा. तिथून घरांना जोडणी देण्याची तरतूद या योजनेत आहे.