फोनवरून सिंथेसायझर कंट्रोल कसा करायचा? मिडीची सोपी ओळख

मामेभावाचा जुना सिंथेसायझर मी पहिल्यांदा फोनला जोडला तेव्हा अ‍ॅपमधल्या कीज दाबून दाबून थकलो, पण आवाज काही येईना. तासाभराने कळलं, फोन चॅनल १ वर पाठवतोय आणि सिंथ चॅनल ३ वर ऐकतोय! मिडीत असे १६ चॅनल असतात. दोन्हीकडे एकच हवा. आधी हेच तपासा.

आता एक गैरसमज काढून टाकू. मिडी केबलमधून आवाज जातच नाही, फक्त सूचना जाते. तुम्ही मधला सी दाबला की तीन बाइट निघतात: नोट सुरू झाली (कोणत्या चॅनलवर तेही यातच), नोट नंबर ६०, आणि किती जोरात दाबली ते. आवाज सिंथ स्वतः बनवतो. १९८३ मधलं हे स्टँडर्ड आजही चालतं. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका नोटला जेमतेम १ मिलिसेकंद.

जोडणी सोपी आहे. सिंथला यूएसबी असेल तर ओटीजी अ‍ॅडॉप्टर पुरतो, फक्त सिंथ वेगळा ड्रायव्हर न मागणारा हवा. नुसते पाच पिनांचे गोल सॉकेट असतील तर यूएसबी-मिडी केबल घ्या. फोनकडून निघणारं आउट सिंथच्या इनमध्ये जातं. अँड्रॉइड ६ पासून मिडीची सोय आहे.

नॉब फिरवायचा तर कंट्रोल चेंज, म्हणजे सीसी मेसेज पाठवायचा, किंमत ० ते १२७. फिल्टर कटऑफ बऱ्याच सिंथवर सीसी ७४ असतो, पण कॉर्ग वोल्का कीजवर ४४! त्यामुळे अंदाज नको, मॅन्युअलमधला मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट बघा. प्रोग्राम नंबरही काही ठिकाणी ० पासून, काही ठिकाणी १ पासून मोजतात. आम्हा कोडिंगवाल्यांचं जुनंच दुखणं.

आता खरी गंमत. भावाच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम तासावर आलेला, आणि की दाबलेली असतानाच ओटीजी निसटला. नोट बंद करण्याचा मेसेज पोचलाच नाही, सिंथ एकच सूर धरून बसला. "अरे, बंद कर ना ते!" म्हणत भाऊ पॉवरच्या बटणाकडे धावला. मी हात धरला, कारण आदल्या रात्री जागून बनवलेला आवाज त्याने सेव्ह केलेला नव्हता. बंद केला असता तर तो गेलाच असता. केबल परत लावली आणि त्याच चॅनलवर सीसी १२३, किंमत ० पाठवली. सूर थांबला. बऱ्याच अ‍ॅपमध्ये यासाठी पॅनिक बटण असतं. काही जुने सिंथ मात्र हा मेसेज जुमानत नाहीत.

मग आधी आवाज सिंथमध्ये सेव्ह केला, नंतर सिसेक्स डंप काढून फोनवर ठेवला. फाइल काही केबींचीच असते. आता प्रत्येक कार्यक्रमाआधी भाऊ ती व्हॉट्सअ‍ॅपवर मलाही पाठवतो.