नाव असलेली नौका आणि अनामिक आरमार

युरोपीय सागरी चित्रांशी मराठी अभ्यासकाचा संबंध येतो तो बहुधा पुराव्यापुरता. आरमाराच्या इतिहासाला एखादे तैलचित्र जोडले जाते, जहाजांची बांधणी, शिडे, तोफा त्यावरून पडताळल्या जातात. चित्राचे चित्र म्हणून वाचन करण्याची निकड मात्र कोणास भासत नाही. वस्तुतः या चित्रप्रकाराला स्वतःचे व्याकरण आहे, आणि पुराव्याचे मोल ठरवण्यापूर्वी ते उलगडणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने डॉमिनिक सेरेस या चित्रकाराची दोन चित्रे एकत्र ठेवून पाहावीत. जन्माने फ्रेंच असलेला सेरेस लंडनमध्ये स्थायिक झाला, १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांत गणला गेला आणि पुढे तिसऱ्या जॉर्जचा सागरी चित्रकार झाला. १७६१ च्या सप्टेंबरात राजाची नियोजित वधू शार्लट जर्मनीतून हार्विच बंदरात आली, तो प्रसंग त्याने १७६३ मध्ये रंगवला. तिला आणणारी शिडाची राजनौका पूर्वी ‘रॉयल कॅरोलाइन’ म्हणून ओळखली जाई; या सफरीसाठी तिचे नाव ‘रॉयल शार्लट’ असे बदलण्यात आले. राणी बदलली की नौकेचे नावही बदलते! येथे नौका केवळ वाहन नाही. ती राजसत्तेची प्रतिमा आहे. म्हणून तिचे चित्र हे व्यक्तिचित्राच्या संकेतांनीच सिद्ध होते: निशाण हा तिचा चेहरा आणि भोवतीची गलबते हा तिचा दरबार.

याच चित्रकाराने विजयदुर्गाचा पाडावही रंगवला. इंग्रज या किल्ल्याला ‘घेरिया’ म्हणत. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने त्यावर तोफांचा भडिमार केला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. सेरेस या लढाईचा साक्षीदार नव्हता. प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी त्याने तो लंडनमध्ये चितारला. राजनौकेसाठी घडलेले व्याकरण आता युद्धाला लागू होते. इंग्रजांची ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’ ही जहाजे नावानिशी इतिहासात येतात. आंग्र्यांच्या वाट्याला येतात ती केवळ जातिवाचक नामे: गुराबा आणि गलबते. एकाला व्यक्तित्व आहे, दुसऱ्याला संख्या. या आरमारातील जे जहाज इंग्रजी वृत्तांतांत ठळकपणे नावाने येते ते ‘रेस्टोरेशन’, म्हणजे आंग्र्यांनी कंपनीकडून हिरावून घेतलेले जहाज. आणि आग प्रथम लागली तीही त्यालाच. ज्वाळांनाही जणू इंग्रजी नावाचीच ओळख होती.

तथापि हा दोष केवळ परक्या कुंचल्याच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी करार केला तो १७५५ मध्ये पेशव्यांनीच. ज्या १७६१ साली राजनौका वधूला घेऊन हार्विचला पोहोचली, त्याच साली पानिपत झाले आणि करार करणारे नानासाहेबही निवर्तले. जळालेल्या जहाजांचे शोकगीत पुण्याच्या दरबारी घडण्याचा संभव नव्हताच. चित्रातील मौन एकट्या चित्रकाराचे नाही; त्याला आपल्या राजकारणाचाही आधार आहे.

नाव देण्याचा हा अधिकार किनाऱ्यापुरता मर्यादित राहिला नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर, जालना जिल्ह्यातील आसई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे १८५४ मध्ये मुंबईच्या गोदीत कंपनीच्या आरमारासाठी एक वाफेची युद्धनौका बांधली गेली, तिचे नाव ‘आसई’. कोरडवाहू मराठवाड्यातील एक गाव समुद्रावर गेले ते विजेत्याच्या स्मरणचिन्हाच्या रूपाने. राणीचे नाव नौकेला मिळते तेव्हा तो सन्मान असतो; पराभूत गावाचे नाव नौकेला मिळते तेव्हा ती मालकीची खूण असते. दोन्हीकडे लेखनाची लिपी एकच आहे.

म्हणून अशा चित्रापुढे उभे राहताना जहाज कसे दिसते, एवढे विचारून भागत नाही. त्यातल्या कोणत्या जहाजाला नाव आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. त्यानंतरच त्याला पुरावा म्हणावे.