चाळीस दोरखंड आणि एक पाषाणस्तंभ

विहिरीवर घागर शेंदताना आपण दोर खाली ओढतो आणि घागर वर येते. ओझे मात्र तेवढेच राहते; एकट्या स्थिर कप्पीने केवळ ओढण्याची दिशा बदलते. पण दुसरी कप्पी ओझ्यालाच बांधली, तर ते ओझे दोराच्या दोन पदरांवर टांगले जाते आणि प्रत्येक पदरावर निम्माच ताण येतो. त्याची किंमत अर्थातच मोजावी लागते. ओझे एक हात चढावयाचे, तर दोर दोन हात ओढावा लागतो. ह्या साध्या नियमाची फार मोठी परीक्षा 1586 साली रोम शहरात झाली. तिची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

इजिप्तमधून सम्राट कॅलिग्युलाने आणविलेला अखंड ग्रॅनाइटचा एक स्तंभ सेंट पीटरच्या मंदिराच्या बाजूला पडल्यासारखा उभा होता. तो मंदिरासमोरच्या चौकात हलवावा, असे पोप पाचवे सिक्स्टस ह्यांनी ठरविले. अंतर अवघे अडीचशे मीटरच्या आसपास. पण स्तंभाची उंची सुमारे 25 मीटर! युक्ती सुचविण्यास सुमारे पाचशे माणसे पुढे आली, असे सांगतात. त्यांत दोमेनिको फोंताना ह्या स्थापत्यकाराने शिशाचा लहानसा स्तंभ लाकडी मनोऱ्यातून उचलून दाखविला आणि काम त्याच्याकडे आले.

फोंतानाने प्रथम हिशेब केला. दगडाच्या आकारमानावरून त्याने स्तंभाचे वजन 9,63,537 रोमन पौंड काढले. आजच्या मापाने ते सव्वातीनशे टनांहून थोडे अधिक भरते. मग त्याने उभे रहाट योजिले. तेलाच्या घाण्याला बैल जुंपावा, त्याप्रमाणे मधल्या खांबाला आडवे दांडे लावून ते घोड्यांनी व माणसांनी फिरवावयाचे, म्हणजे दोर खांबाभोवती गुंडाळला जातो. दांडा खांबाच्या त्रिज्येच्या सहापट लांब असेल, तर टोकाशी लावलेले बल, घर्षण सोडल्यास, दोरावर सहापट होऊन उतरते. बल आणि आसापासूनचे त्याचे अंतर ह्यांच्या गुणाकारालाच शास्त्रात आघूर्ण म्हणतात. कप्प्यांच्या साहाय्याने एक रहाट 20,000 पौंड उचलील, असा फोंतानाचा अंदाज होता. चाळीस रहाटांचे आठ लक्ष झाले; उरलेल्या भारासाठी त्याने पाच प्रचंड तरफा ठेविल्या.

येथवर हे गणित शाळेतील मुलालाही सुटेल. खरी अडचण पुढेच आहे. चाळीस दोरांची बेरीज वजनाला पुरेल खरी, पण प्रत्येक दोरावर सारखा ताण असेल तरच! चाळिसांपैकी दहा दोर ढिले पडले, तर त्यांचा भार उरलेल्या तिसांवर जातो आणि त्या प्रत्येकाचा ताण एकतृतीयांशाने वाढतो. त्यांतला एक तुटला की इतरांवरचे ओझे आणखी वाढते आणि मग अनर्थ ओढवतो. खाली शेकडो माणसे उभी होती, हे विसरता कामा नये.

शिवाय पुस्तकातल्या कप्पीच्या दोन्ही बाजूंना ताण समान असतो, कारण ती कप्पी वजनहीन आणि घर्षणहीन मानलेली असते. खरी कप्पी फिरविण्यासाठी ओढणाऱ्या बाजूचा ताण अधिकच लागतो. दोन ताणांतील फरकाला कप्पीच्या त्रिज्येने गुणले, की चाक फिरविणारे आघूर्ण मिळते. प्रत्येक कप्पी असा थोडा थोडा कर घेते. जितक्या कप्प्या अधिक, तितका हा कर अधिक. म्हणून सर्व दोरांची चाल एकसारखी राखणे हाच ह्या कामाचा प्राण होता.

त्यासाठी फोंतानाने नियम केला. कर्णा वाजला की सर्व रहाटांनी एकदम फिरावे, घंटा वाजली की एकदम थांबावे. तो आवाज ऐकू यावा म्हणून मौन पाळण्याचा हुकूम होता. आणि कुंपणाच्या आत कामाखेरीज शिरणाऱ्यास देहदंड! कामगारांनी पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घेतला आणि 30 एप्रिल 1586 रोजी 907 माणसे व 75 घोडे कामास लागले. बारा वेळा फिरून व थांबून स्तंभ जेमतेम साठ सेंटिमीटर उचलला गेला. 7 मे रोजी तो आडवा केला गेला आणि 10 सप्टेंबर रोजी 800 माणसे, 140 घोडे व चाळीस रहाट ह्यांनी बावन्न खेपांत तो नव्या जागी उभा केला.

ह्या दिवसाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दोर तापून ताणले जात असता ब्रेस्का नावाच्या दर्यावर्द्याने हुकूम मोडून ‘दोरांवर पाणी ओता!’ असे ओरडून काम वाचविले, आणि शिक्षेऐवजी त्यास बक्षीस मिळाले. कथा गोड आहे. वाखाचा दोर भिजला की फुगून आखडतो, हेही खरे आहे. पण फोंतानाने 1590 साली प्रसिद्ध केलेल्या सविस्तर ग्रंथात तिचा उल्लेख नाही. आणि शास्त्राच्या दृष्टीने पाहता, भिजल्याने ढिल्या दोराबरोबर आधीच ताठ असलेल्या दोराचाही ताण वाढतो. तेव्हा एका आरोळीवर इतके मोठे काम निभावले, असे मानणे कठीण आहे.

लोकांना धाडसी आरोळी आठवते. घंटेबरोबर थांबणारी आठशे माणसे आठवत नाहीत. परंतु आपल्या वाट्याहून अधिक न ओढता आणि कमीही न ओढता, सर्वांबरोबर थांबणे, हेच त्या दिवशी सर्वांत अवघड होते. चौकात तो स्तंभ आजही उभा आहे. पुढच्या वेळी विहिरीवर कप्पी करकरली, तर ती दोराकडून आपला कर वसूल करीत आहे, एवढे अवश्य आठवावे.