पाट भरला, पण ओल पोचली का?

पारोळा तालुक्यात तामसवाडी येथे बोरी नदीवर धरण आहे. पाट कितीही भरून वाहिला, तरी शेवटच्या वावरात ओल पोचली की नाही हे पाटाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी त्या वावरातली माती हातात घ्यावी लागते. मेंदूच्या रक्तपुरवठ्याबाबत हाच भेद ध्यानात यायला वैद्यकशास्त्राला अर्धे शतक लागले. तो इतिहास आपण पाहू.

मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवर कधीकधी फुगा येतो. तो फुटला की रक्त मेंदूच्या आवरणाखाली पसरते आणि आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी एका क्षणात सुरू होते. (अशा वेळी गोळी घेऊन पडून राहू नये, तडक धुळे किंवा जळगाव गाठावे, एवढे वर्गात जरूर सांगावे.) फुगा शस्त्रक्रियेने बंद केला तरी संकट टळत नाही. सांडलेल्या रक्ताच्या विघटनातून निघणाऱ्या द्रव्यांमुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून धमन्या आकसू लागतात व सुमारे दोन आठवडे तशा राहू शकतात. शुद्धीवर येऊन घरच्यांशी बोलू लागलेला रोगी आठव्या दिवशी एका अंगाने लुळा पडतो, तो बहुधा यामुळेच.

लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूतील धमन्यांचे क्ष-किरण चित्र मिळवले. १९५१ साली अमेरिकेत एकर व रीमेनश्नायडर यांनी अशा चित्रांत आकसलेल्या धमन्या दाखवून दिल्या. १९८२ साली आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून श्राव्यातीत ध्वनी पाठवून रक्ताचा वेग मोजला. नळी अरुंद झाली की वेग वाढतो. १९८४ साली लेनिनग्राडच्या झुबकोव यांनी धमनीत इवलासा फुगा नेऊन ती रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. रोगही फुगा आणि उपायही फुगाच!

या साऱ्यांची नजर पाटावर होती. पहिली शंका औषधांनी आणली. निमोडिपीन या औषधाच्या १९८९ सालच्या ब्रिटिश चाचणीत मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. मात्र या औषधाने मोठ्या धमन्या फारशा रुंदावलेल्या चित्रांत दिसत नाहीत. क्लॅझोसेंटनचे नेमके उलटे झाले. २००८ च्या चाचणीत त्याच्या मोठ्या मात्रेने धमन्यांचे मध्यम व तीव्र आकसणे ६६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आणले. पण २०११ च्या मोठ्या चाचणीत रोग्यांना ठळक लाभ झाला नाही. (जपानने २०२२ साली त्याला परवानगी दिली, म्हणजे वाद मिटलेला नाही.) सूक्ष्म केशवाहिन्यांतील गुठळ्या, पहिल्याच तडाख्यात झालेली इजा, असे बरेच काही मोठ्या नळीच्या चित्रात दिसत नाही.

मग माती हातात कशी घ्यायची? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२० साली घरोघर पोचला. पण तो बोटातल्या रक्ताचे सांगतो. बोटात ९८ टक्के असतानाही मेंदूचा एखादा भाग उपाशी असू शकतो. इथे उपयोगी पडली ती लिलंड क्लार्क यांची १९५६ सालची युक्ती. प्लॅटिनमच्या तारेवर प्लास्टिकचा पातळ पडदा बसवला की त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो, तारेवर त्याची रासायनिक क्रिया होते, आणि जितका ऑक्सिजन तितका विद्युतप्रवाह. याच तत्त्वावरची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची शलाका १९९० च्या दशकात कवटीतील छिद्रातून मेंदूत ठेवली जाऊ लागली. दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरखाली गेला की धोक्याची घंटा.

उपचार चालू असताना तिची खरी किंमत कळते. धमनीत थेट औषध सोडले की चित्रात ती रुंद दिसते. पण त्याच औषधाने अंगातला रक्तदाब उतरला तर शलाकेवरचा आकडा खाली येऊ शकतो. मग डॉक्टर औषध कमी करून आधी रक्तदाब सावरतात. चित्र पाहून मात्र सारे छान चालले आहे असेच वाटले असते.

तरीही शलाका काही घन मिलिमीटरांचीच खबर देते. दोन बोटे पलीकडचा भाग सुकत असेल तर तिला पत्ता नसतो. फ्रान्समध्ये डोक्याला मार लागलेल्या रोग्यांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शलाका वापरलेल्यांची सहा महिन्यांनंतरची स्थिती इतरांहून चांगली आढळली नाही. फुगा फुटलेल्या रोग्यांत तरी ती जीव वाचवते का, हे अजून मोठ्या चाचणीने ठरायचे आहे.