साठीनंतरची बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि खरे सांगायचे तर थोडीफार वापरलीही आहे. आजोबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागले की आपण हसतो आणि ही म्हण टाकून मोकळे होतो. म्हणीत अनुभव असतो, नाही असे नाही. पण दर पिढीने आपल्या म्हणी एकदा पारखून घ्याव्यात. आज ही एक म्हण इतिहासाच्या साक्षीने पारखून पाहू या.

पहिली साक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे यांची. जन्म 18 एप्रिल 1858, रत्नागिरी जिल्ह्यातला. चालण्याची सवय लहानपणापासूनची. शालेय परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला शंभरावर मैल पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही! पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत असताना, कॉलेज सुटल्यावर चिखल तुडवीत ते हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात. 1914 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. आपल्याकडे निवृत्त माणसाला सगळे म्हणतात, “आता आराम करा.” कर्व्यांनी काय केले पाहा.

1916 साली, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. 1929 साली, सत्तरी उलटल्यावर, ते त्या विद्यापीठाची माहिती जगाला सांगायला आणि मदत मिळवायला युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले. तो संपतो न संपतो तोच आफ्रिकेचा दौरा. 1936 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी आपल्या आयुष्याची हकीकत इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. 1944 साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, एकशे चार वर्षे पुरी करून, ते गेले. आता सांगा, यातली कोणती बुद्धी साठीला नाठी झाली?

तुम्ही म्हणाल, कर्वे ते कर्वे. त्यांची गोष्ट आम्हाला कशाला? रास्त बोललात. एका माणसावरून नियम बांधता येत नाही. दीर्घायुष्यात कुळाचा वारसा असतो, परिस्थिती असते, नशीबही असते. शिवाय त्या काळात म्हातारपण गाठणारेच थोडे. 1941 ते 1951 या दशकात आपल्या देशात सरासरी आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. याचा अर्थ बत्तिशीत सगळे मरत, असा नव्हे. पाळण्यातली मुले आणि बाळंतिणी फार दगावत, म्हणून सरासरी खाली येई. आज ते सुमारे 70 वर्षांवर आले आहे. जे आयुष्य पूर्वी थोड्यांना मिळे, ते आता घरोघरी आहे. म्हणून या वाढलेल्या वर्षांचे करायचे काय, हा प्रश्न आता गावागावाचा झाला आहे.

हा प्रश्न नीट पाहायचा तर पनवेल तालुक्यातल्या नावड्याला चला. दिवा–पनवेल लोहमार्गावर ‘नावडे रोड’ स्टेशन आहे; शेजारीच तळोज्याची औद्योगिक वसाहत. पण हा सारा मुलूख मूळचा भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीवरच्या मासेमारीचा. अशा गावात म्हाताऱ्याला निवृत्ती नावाची गोष्ट ठाऊक नसे. नांगर हातातून सुटला तरी बांधावरची फेरी सुटत नसे. बी निवडायचे, जाळ्याची फाटकी आसे सांधायची, खाऱ्या पाण्याचा बांध कुठे पाझरतो ते पाहायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब म्हाताऱ्यांच्या तोंडी असे, आणि तरणी माणसे तो त्यांना विचारून घेत. म्हणजे असे पाहा, पायाला चाल होती, डोक्याला हिशेब होता आणि चार माणसांत मान होता.

1970 साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घ्यायचे ठरले. शेते गेली, इमारती आल्या, आणि 2016 साली पनवेल महानगरपालिका झाल्यावर नावडे त्या हद्दीत आले. जमिनीच्या मोबदल्यासाठी इथल्या लोकांनी मोठे लढे दिले, आणि ते योग्यच होते. पण जमिनीबरोबर म्हाताऱ्या माणसाचा दिवसच गेला, त्याचा मोबदला कोणत्या कागदावर मांडायचा? बांध नाही म्हणून फेरी नाही. भरती कधी, हे कोणी विचारत नाही. हे एकट्या नावड्याचे नाही. जिथे जिथे शेत गेले किंवा मुले शहरात गेली, तिथे तिथे ओसरीवर असा रिकामा दिवस बसलेला दिसेल.

या रिकाम्या दिवसाचे शरीरावर आणि मनावर काय होते, याचा शास्त्रज्ञांनी बराच शोध घेतला आहे. अमेरिकेतील सिएटल येथे 1956 साली के. वॉर्नर शाय यांनी एक पाहणी सुरू केली आणि त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांना असे दिसले की वयाबरोबर डोक्याचा वेग मंदावतो, पण शब्दसंपत्ती फार काळ टिकते. पुढे त्यांनी आणि शेरी विलिस यांनी काही वृद्धांना अवघी पाच तासांची शिकवणी दिली. त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश माणसांत सुधारणा झाली. म्हणजे गंज चढतो, पण घासला तर पुष्कळ निघतो.

आपल्या देशातल्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचा अंदाज निघाला, आणि न शिकलेल्यांत तो जास्त आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ मंडळाने 2024 साली त्याच्या टाळण्याजोग्या कारणांची यादी दिली. त्यात अपुरे शिक्षण आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, तंबाखूचे धूम्रपान आहे, हालचालीचा अभाव आहे, कमी ऐकू येणे आणि कमी दिसणे आहे, आणि एकटेपणही आहे. ज्याला ऐकू येत नाही तो बोलण्यातून बाजूला पडतो, आणि आपण समजतो, म्हातारा भ्रमला! आधी कान तपासा, मोतीबिंदू पाहा, मग म्हण वापरा.

कोणी विचारील, गावाने यावर काही केले का? केले आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथे 8 मार्च 2016 रोजी प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर खांद्याला लावून शाळेत आल्या. आपल्याला पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, ही त्यांची हौस. त्यांची नातवंडे घरी त्यांचा अभ्यास घेऊ लागली. त्या शाळेत अक्षर तर मिळालेच, पण घराबाहेर पडायला कारण मिळाले, चार मैत्रिणी मिळाल्या, आणि उद्या काय, या प्रश्नाला उत्तर मिळाले.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्याकडे वळतो. आठवड्यातला एक तास शाळेत आजी-आजोबांना बोलवा. त्यांनी मुलांना तिथीवरून भरती काढायला शिकवावी, बियाणे ओळखायला शिकवावे. मुलांनी त्यांना सही शिकवावी. आणि घरच्या मंडळींनो, म्हाताऱ्या माणसाच्या हातून काम काढून घेताना दहादा विचार करा. जागतिक आरोग्य संघटना साठीपुढच्यांनाही आठवड्याला निदान 150 मिनिटे बेताची हालचाल सांगते. रोज वीस-बावीस मिनिटे चालले तर ती भरते. तोल सांभाळण्याचे साधे व्यायामही हवेत, कारण या वयात पडणे फार महागात पडते. ज्याला झेपेल त्याने झेपेल तेवढे करावे. आजारी माणसाला मात्र “तुम्ही हातपाय हलवत नाही” असा दोष देऊ नये.

कर्व्यांना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या मुलांसाठी शाळा काढावीशी वाटली. आज त्या खेड्यातल्या शाळांनी गावच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसांसाठी आपले दार उघडले, तर ते ऋण थोडेतरी फिटेल.