कलम ३९५ ची कुळकथा

भारताच्या संविधानातले शेवटचे कलम, ३९५, एकाच वाक्याचे आहे. १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा त्याने रद्द केले. वरवर पाहता ही कायद्याच्या दप्तराची आवराआवर; पण राज्य करण्याचा अधिकार येतो कुठून, या प्रश्नाला आपण दिलेले सर्वांत धीट उत्तर मला इथे दिसते.

संविधान सभा बसली ती ब्रिटिश कॅबिनेट मिशनच्या योजनेनुसार. १५ ऑगस्टला सत्ता हाती आली तीही लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या कायद्याने. म्हणजे कागदोपत्री आपल्या राज्याचा मूळपुरुष वेस्टमिन्स्टरमध्येच. आयर्लंडही या पेचातून गेला होता. त्यातून सुटण्यासाठी १९३७ मध्ये तिथे नवी घटना सार्वमताला टाकण्यात आली.

आपल्याकडे सार्वमत झाले नाही. १३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी मांडलेल्या ठरावात मात्र सारी सत्ता लोकांकडून येते, असे स्पष्ट म्हटले होते. १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिका चर्चेला आली, तेव्हा ह. वि. कामत यांनी तिची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती सुचवली. मतदान झाले : बाजूने ४१, विरोधात ६८. लोकांचे सार्वभौमत्व आणखी ठळक लिहावे, असा आग्रह पूर्णिमा बॅनर्जींचा होता. बाबासाहेबांनी सांगितले, की ब्रिटिश पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाची पुसटशी खूणही इथे कुणालाच नको आहे, आणि संविधान लोकच देत आहेत हे मसुद्यात आलेलेच आहे.

मग तयार संविधान गव्हर्नर जनरलच्या संमतीसाठी पाठवलेच नाही. २६ नोव्हेंबरला सभेचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांच्या सहीने ते पक्के झाले. पुढे २६ जानेवारी १९५० ला कलम ३९५ अमलात आले आणि ज्या कायद्यांच्या आधारावर सत्ता आली होती, तेच गेले. जुने बाकीचे कायदे कलम ३७२ ने चालू ठेवले. १८६० ची दंडसंहिता तीच राहिली, पण आता ती लोकांनी दिलेल्या संविधानाच्या बळावर उभी होती.

एक आक्षेप खरा होता, आणि तो सभेतच घेतला गेला : बहुतेक सभासद निवडले होते प्रांतिक विधिमंडळांनी, आणि त्या विधिमंडळांसाठी मत देण्याचा हक्क मालमत्ता, शिक्षण अशा अटींमुळे थोड्यांनाच होता. लोकांच्या नावाने बोलणाऱ्यांना सगळ्या लोकांनी निवडलेच नव्हते. प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९५१-५२ मध्ये, म्हणजे संविधान अमलात आल्यानंतर.